बर्फ उशिरा जमतोय की उशिरा सुटतोय?

"बर्फ कमी पडतोय, गॅस भरायला माणूस पाठवा." मार्च उजाडला की हॉटेलांतून, बारमधून आईस मशीनसाठी हाच फोन. जमतोय उशिरा की सुटतोय उशिरा, असं मी विचारतो, तर उत्तर येतं, "तेच ते."

तेच ते नाही. फ्रीज आणि एसी नुसतं थंड करत राहतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आईस मशीन आळीपाळीनं दोन कामं करतं. आधी थंड प्लेटवरून पाणी वाहवत बर्फ जमवतं, मग त्याच प्लेटमध्ये कंप्रेसरचा गरम गॅस सोडून तो बर्फ सुटा करतं. क्यूब खाली बिनमध्ये, म्हणजे साठवणीच्या पेटीत, पडले की पुन्हा पहिल्यापासून. दोन्हींपैकी कुठलंही काम रेंगाळलं तरी दिवसाचा बर्फ कमीच भरतो. म्हणून बिनमध्ये डोकावून काही कळत नाही, घड्याळ लावावं लागतं. माझ्या पाहण्यातल्या मशिनांत जमायला साधारण १५ ते २५ मिनिटं आणि सुटायला १ ते ३ मिनिटं लागतात. तुमच्या मॉडेलचे आकडे पुस्तिकेत असतात, ते वाचा.

जमायला वेळ लागतोय, पण सुटतोय झटपट? मग गॅसचं नाव काढू नका. हा कंडेन्सर, म्हणजे मशीनची उष्णता बाहेर टाकणारा भाग, तापल्याचा प्रकार. हवा खेळत नसली की आतला दाब चढतो आणि जमवण्याचं काम मंदावतं. पण सोडवायच्या वेळी तीच उष्णता उपयोगी पडते, म्हणून बर्फ पटकन निसटतो. एका हॉटेलात मशीन तंदूरच्या भिंतीला टेकवलेलं, कंडेन्सरच्या जाळीवर तेलकट काजळीचा थर. एकाच उन्हाळ्यात तिथं तीनदा गॅस भरला गेला होता. आधीच चढलेला दाब त्यानं आणखी चढला. जाळी धुतली, मशीन भिंतीपासून हातभर पुढं ओढलं आणि जादा गॅस काढून वजनावर मोजून नव्यानं भरला, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

गच्चीवरच्या टाकीचं पाणीही इथंच धरा. ३५ अंशांचं पाणी शून्यावर आणायला किलोमागे १४७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, २० अंशांच्या पाण्याला ८४ पुरतात. पुढं गोठवायला ३३४ दोघांनाही सारखेच. म्हणजे २० अंशांच्या पाण्यावर १०० किलो देणारं मशीन टाकीच्या कढत पाण्यावर ८७ किलोंच्या आसपास येतं. त्यात काहीही बिघडलेलं नसतं.

आता उलट बाजू. जमतोय वेळेत, पण प्लेट त्याला सोडत नाही. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या मशिनात पहिला संशय खारावर. पाणी गोठताना क्षार मागं राहतात, हळूहळू प्लेटवर चढतात, तिचा गुळगुळीतपणा जातो आणि बर्फ चिकटून बसतो. इलाज म्हणजे खार काढायचं द्रावण, तेही निकेलला चालणारंच. संडास धुवायचं ॲसिड ओतणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण प्लेटवरचा निकेलचा मुलामा एकदा गेला की प्लेटच बदलावी लागते. स्क्रूड्रायव्हरनं बर्फ उचकटणारेही त्याच पंक्तीतले. नाशिककडच्या थंडीत, मशीन उघड्यावर असेल तर, पहाटे सुटायला थोडा जास्त वेळ लागणारच. गरम गॅसच तेव्हा पुरेसा गरम नसतो.

मग गॅस कमी कधी समजायचा? जमायलाही वेळ, सुटायलाही वेळ आणि बर्फाची लादी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पापुद्र्यासारखी, असं दिसलं तर. आणि तेव्हाही नुसता भरून घेऊ नका. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झालाय म्हणजे कुठूनतरी गळतोय. सांध्यांवर तेलाचा डाग शोधायला लावा, गळती बुजवा, व्हॅक्यूम करा, म्हणजे पंपानं नळ्यांतली हवा खेचून काढा, आणि मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच भरून घ्या. वजनकाट्याशिवाय आलेल्या मिस्त्रीला मी तरी मशीन उघडू देत नाही.