सेट_एफएस: नाव रजिस्टरचे, काम सगळी वेस उघडण्याचे

मशीनच्या नोंदी फाइलमध्ये लिहिणारा एखादा जुना ड्रायव्हर लिनक्सच्या ४.९ कर्नलवर (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो. तोच एक्स८६ इंडस्ट्रियल पीसीवर ५.१० साठी कंपाइल करायला घेतला की कंपायलर अडतो: सेट_एफएस नावाचे फंक्शनच सापडत नाही. वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक पट्ट्यात कंट्रोल पॅनेलच्या आत धूळ खात चाललेली यंत्रणा सांभाळणाऱ्यांना हे आज ना उद्या भेटणारच. बहुतेक ठिकाणी इलाज एकदोन ओळींचा आहे. पण ते फंक्शन का काढले हे ठाऊक नसेल, तर सुरक्षेतले तेच भोक दुसऱ्या नावाने पुन्हा पडते.

नावातले एफएस म्हणजे इंटेल ३८६ प्रोसेसरचे सेगमेंट रजिस्टर, म्हणजे मेमरीचा कोणता भाग वापरायचा हे सांगणारा कप्पा. १९९१ च्या लिनक्स ०.०१ मध्ये सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी, आत आला की डीएस आणि ईएस या तशाच रजिस्टरांमध्ये हेक्स १०, म्हणजे कर्नलचा डेटा सेगमेंट, भरला जाई आणि एफएसमध्ये हेक्स १७, म्हणजे प्रोग्रामचा. प्रोग्रामच्या मेमरीतला बाइट हवा असेल तर गेट_एफएस_बाइट. पुढे अडचण अशी आली, की तीच फंक्शने कर्नलला कधीकधी स्वतःच्या मेमरीवर चालवायची असत. मग एफएस तात्पुरते कर्नलकडे वळवायचे आणि काम झाले की जागेवर आणायचे. सेट_एफएस ते हेच.

३८६ ची आणखी एक खोड होती. कर्नल मोडमध्ये लिहिताना ती चिप पानावरची (मेमरीच्या ठरावीक तुकड्यावरची) ‘फक्त वाचा’ ही खूण जुमानत नसे. त्यामुळे लिहिण्याआधी व्हेरिफाय_एरिया एकेक पान तपासून घेई. ४८६ मध्ये सीआर० रजिस्टरात डब्ल्यूपी बिट आला, तेव्हा हे काम हार्डवेअरकडे गेले.

१९९६ मध्ये, २.१ मालिकेत, सगळी मांडणी बदलली. गेट_यूजर, पुट_यूजर, कॉपी_फ्रॉम_यूजर आली. आधी पाने तपासत बसायचे नाही. पत्ता मर्यादेच्या आत आहे एवढे बघायचे आणि सरळ वाचायचे. पान नसलेच तर फॉल्ट येतो, म्हणजे प्रोसेसर अडून कर्नलला हाक मारतो. मग कर्नल एक्सेप्शन टेबल नावाच्या यादीत त्या अडलेल्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता शोधतो, शेजारी लिहिलेल्या दुरुस्तीच्या पत्त्यावर उडी मारतो आणि उणे १४, म्हणजे ईफॉल्ट (पत्ता चुकीचा), परत देतो. ही युक्ती आजही तशीच वापरात आहे, आणि ती खरोखर देखणी आहे.

एफएस रजिस्टरचा संबंध इथेच संपला, नाव मात्र चिकटून राहिले. सेट_एफएस आता चालू टास्कची (प्रोसेसची) पत्त्यांची मर्यादा बदलू लागले. ३२ बिटवर नेहमीची मर्यादा ३ जीबी. सेट_एफएसला कर्नल_डीएस ही किंमत देऊन ती लावली की पूर्ण ४ जीबी, म्हणजे कर्नलची मेमरीही आत. मोठ्या वेशीला दिंडी दरवाजा ठेवतात तो एका माणसासाठी अख्खी वेस उघडावी लागू नये म्हणून. इथे दिंडी नव्हतीच. शिवाय वेस उघडी आहे की बंद, हे कॉपी_फ्रॉम_यूजरच्या ओळीकडे पाहून कळत नसे.

२०१० मध्ये प्रोग्रामर नेल्सन एल्हेज यांनी दाखवलेला दोष, सीव्हीई-२०१०-४२५८ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक), याचा उत्तम नमुना आहे. कर्नल कर्नल_डीएस लावून काम करत असताना मध्येच ऊप्स, म्हणजे कर्नलच्याच कोडमधला बिघाड, झाला, तर मर्यादा परत लावणारी ओळ चालतच नाही. प्रोसेस थेट डू_एक्झिटमध्ये, म्हणजे तिला गुंडाळणाऱ्या फंक्शनमध्ये, जाते. तिथे थ्रेड संपल्याची खूण म्हणून, प्रोग्रामने आधी देऊन ठेवलेल्या पत्त्यावर पुट_यूजरने शून्य लिहिले जाते. तो पत्ता कर्नलमधला दिलेला असेल तर एरवी पुट_यूजर नकार देते. मर्यादा उठलेली असल्याने ते निमूट लिहिते. कर्नलमध्ये हव्या त्या जागी चार शून्य बाइट! डू_एक्झिटच्या सुरुवातीला मर्यादा पुन्हा लावून तेवढे भोक बुजवले.

२०१७ चा दोष दुसऱ्या टोकाचा. ४.१३ मध्ये वेटआयडी सिस्टिम कॉल पत्ता स्वतः न तपासणारे अनसेफ_पुट_यूजर वापरू लागला आणि ॲक्सेस_ओके, म्हणजे पत्ता मर्यादेत आहे का ही तपासणी, राहून गेली. हा सीव्हीई-२०१७-५१२३. यावरचा कायमचा उपाय ५.० मध्ये आला: अनसेफ_पुट_यूजरआधी लागणारे यूजर_ॲक्सेस_बिगिन स्वतःच ॲक्सेस_ओके करते, विसरायला जागाच नाही.

सेट_एफएस हटवायचे किचकट काम कर्नल डेव्हलपर क्रिस्टोफ हेलविग यांनी लावून धरले. एक्स८६ आणि पॉवरपीसीवरून ते ५.१० मध्ये गेले, ५.१८ मध्ये, म्हणजे २०२२ साली, उरलेल्या सगळ्या आर्किटेक्चरवरून. कर्नलचा पॉइंटर आणि प्रोग्रामचा पॉइंटर यांच्यासाठी आता वाटाच वेगळ्या आहेत.

ड्रायव्हर बदलताना: सेट_एफएस लावून व्हीएफएस_रीडने फाइल वाचली असेल तिथे कर्नल_रीड. ४.१४ पासून त्याच्या आर्ग्युमेंटचा क्रम फाइल, बफर, लांबी आणि पोझिशनचा पॉइंटर असा आहे. त्याआधी पोझिशन दुसऱ्या जागी आणि साधी किंमत म्हणून जाई. जुना क्रम ठेवला तर जुने जीसीसी (कंपायलर) नुसती वॉर्निंग देऊन पुढे जाते, म्हणून वॉर्निंग वाचा. नेटवर्क सॉकेटच्या ऑप्शनसाठीचे कर्नल_सेटसॉकऑप्ट ५.८ मध्येच गेले. टीसीपी_सॉक_सेट_नोडिले यांसारखी स्वतंत्र फंक्शने वापरा. पत्त्याचीच खात्री नसेल तर कॉपी_फ्रॉम_कर्नल_नोफॉल्ट.

आणि बिल्ड नीट होऊनही चालवताना उणे २२ (चुकीचे आर्ग्युमेंट) आले, तर समोरची फाइल पाहा. ५.१० पासून ज्या फाइलच्या ऑपरेशन्समध्ये (तिच्या ड्रायव्हरने दिलेल्या फंक्शनांच्या यादीत) वाचण्याचे नवे फंक्शन रीड_इटर नाही, किंवा त्याच्या जोडीला जुने रीडही आहे, तिच्यावर कर्नल_रीड चालत नाही. डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, तशी ओळ दिसते. ती फाइल आपल्याच दुसऱ्या ड्रायव्हरची असेल, तर रीड काढून रीड_इटर तिथेच लिहावे लागते.