रसायनशास्त्राची उजळणी (इयत्ता आठवी)

'उजळणी' हा शब्द मुळात पाढ्यांचा. 'बे एके बे'पासून 'तीस दाहे तीनशे'पर्यंत एका सुरात म्हणत जायचे, ती उजळणी. पाढ्यांच्या छापील पुस्तिकेलाही उजळणीच म्हणतात. शाळेच्या बोलीत आता परीक्षेआधी कोणताही विषय पुन्हा नजरेखालून घालणे म्हणजे उजळणी. सांगली जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या मुलांची आठवीच्या रसायनशास्त्राची उजळणी कुठे अडते आणि घरातल्या, रानातल्या कोणत्या वस्तूंनी ती सुटते, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

व्याप्ती

द्रव्याचे संघटन, अणूचे अंतरंग, धातू-अधातू, आम्ल व आम्लारी, रासायनिक बदल व रासायनिक बंध असा हा भाग आहे. वार्षिक परीक्षेखेरीज तो लागतो एनएमएमएसला, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्ती परीक्षेला. तिच्या शालेय क्षमता चाचणीत ९० पैकी ३५ गुण सामान्य विज्ञानाला असतात आणि त्यांतले ११ रसायनशास्त्राचे. आठवीची दुसरी, जुनी शिष्यवृत्ती परीक्षा भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता यांवर होते. तिथे विज्ञान नाही. पोरगं 'स्कॉलरशिपला बसलंय' असं घरचे सांगतात तेव्हा कोणत्या, हे आधी विचारून घ्यावे.

शब्दांचा घोळ

या भागातले बरेच गुण संकल्पना न कळल्याने जात नाहीत, शब्दाने जातात. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करणाऱ्या मुलांना हे विशेष भोवते. हिंदीतला 'परमाणु' म्हणजे मराठीतला अणू, आणि हिंदीतला 'अणु' म्हणजे मराठीतला रेणू. व्हिडिओ ऐकून 'पाण्याचा अणू' लिहिणाऱ्या मुलाला विषय कळलेला असतो, तरी उत्तर चुकते. 'क्षार' हा त्याहून फसवा. हिंदीत तो आम्लाच्या विरुद्ध पक्षाला वापरतात. मराठी पाठ्यपुस्तकात त्या पक्षाला आम्लारी म्हणतात, आणि आम्ल व आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून पाण्यासोबत जे तयार होते ते क्षार. मीठ हा क्षार आहे, आम्लारी नाही.

इथे सांगलीच्या मुलाला एक आधार आहे. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागात उसाला पाणी पाजून पाजून हजारो एकर जमीन क्षारपड झाली. खाली मुरलेले पाणी निचरा नसल्याने वर चढते, वाफ होऊन उडते आणि त्यातले क्षार पांढऱ्या थराने मातीवर बसतात. हेच बाष्पीभवनाने विलगीकरण. प्रयोगशाळेत ते बशीत करून दाखवतात, इथे रानभर झालेले असते. क्षारपड आणि चोपण यांतला फरकही मोठी माणसे जाणतात: चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, म्हणून तिला जिप्सम, म्हणजे कॅल्शिअम सल्फेट, देतात. जिप्समातला कॅल्शिअम सोडिअमची जागा घेतो, आणि सुटलेला सोडिअम सल्फेटच्या रूपाने निचऱ्याच्या पाण्याबरोबर जातो. निचराच नसेल तर जिप्सम टाकून उपयोग होत नाही. विस्थापन आठवीच्या मुलाला याहून जवळून क्वचितच दिसेल.

आपल्याच बोलीतलेही काही शब्द दगा देतात. 'बर्फ विरघळला' असे सगळेच म्हणतात, पण बर्फ वितळतो आणि साखर विरघळते. वितळायला उष्णता पुरते, विरघळायला दुसरा पदार्थ लागतो. 'शुद्ध दूध' हेही तसेच. पाणी न घातलेले दूध बाजारात शुद्ध, विज्ञानात मात्र ते मिश्रणच, कारण त्यात पाणी, स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि शर्करा वेगवेगळ्या आहेत. आणि सोडा! खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा हे तिन्ही लाल लिटमस निळा करतात, म्हणजे आम्लारीधर्मी. गोटी सोडा मात्र दाबाखाली पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे तो आम्लधर्मी. नाव एक, वागणे उलटे.

हळद

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दर्शक म्हणून, म्हणजे आम्ल की आम्लारी हे रंग बदलून दाखवणारा पदार्थ म्हणून, हळद प्रत्येक गाइडमध्ये असते, पण तिची मर्यादा क्वचितच सांगितली जाते. आम्लारीत ती तांबडी होते. आम्लात पिवळीच राहते आणि साध्या पाण्यातही पिवळीच. म्हणजे हळदीच्या कागदाने 'हे आम्लारी आहे' एवढेच कळते. कागद पिवळा राहिला म्हणून द्रावण आम्ल आहे असे लिहिणे चूक. त्यासाठी निळा लिटमस लागतो, किंवा जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस, जो आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवा होतो. लिटमस लायकेनपासून, म्हणजे शैवाल आणि बुरशी एकत्र वाढून होणाऱ्या वनस्पतीसारख्या थरापासून, काढतात. काळ्या मसाल्यातले दगडफूल हेही लायकेनच, फक्त जात वेगळी.

हळदीचा सदरा साबणाने धुतला की डाग लाल होतो, लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. पारंपरिक कुंकू हळदीपासूनच करतात आणि त्याचा लाल रंग चुना, टाकणखार यांसारख्या आम्लारीधर्मी पदार्थांमुळे येतो. हळदीकुंकवाच्या ताटात हा प्रयोग करून ठेवलेलाच असतो.

सांगलीलगत हरिपूरला हळद साठवण्याची पेवे, म्हणजे जमिनीतली खोल कोठारे, होती; २००५च्या महापुरात त्यांचे मोठे नुकसान झाले. बंद पेवात ऑक्सिजन कमी होतो आणि हवेपेक्षा जड असा कार्बन डायऑक्साइड तळाशी साठतो. म्हणून पेव उघडल्याबरोबर आत उतरायचे नसते. पेटता कंदील खाली सोडून पाहायचा, विझला तर थांबायचे, ही जुनी खूण. 'कार्बन डायऑक्साइड ज्वलनास मदत करत नाही' हे पाठ केलेले वाक्य ज्याला कंदिलासकट आठवते, तो ते विसरत नाही.

बदल कोणता?

भौतिक की रासायनिक, या प्रश्नाला गुऱ्हाळ हे चांगले उदाहरण आहे, कारण तिथे एकच उत्तर नाही. काहिलीत रस आटतो, पाणी वाफ होऊन जाते: भौतिक. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो, म्हणून त्यात चुन्याची निवळी घालतात: उदासिनीकरण, म्हणजे रासायनिक. भेंडीच्या चिकट पाण्यात मळी धरली जाते आणि वर आली की काढतात: विलगीकरण, म्हणजे पुन्हा भौतिक. उष्णतेने रंग तांबूस होत जातो, ते रासायनिक. गुळव्या हे सारे बोटावरच्या गोळीवरून ओळखतो, पेपरात मात्र एकेक पायरी वेगळी लिहावी लागते. तासगावकडच्या बेदाण्याचे तसेच: द्राक्ष सुकते ते बाष्पीभवन, पण रंग टिकावा म्हणून दिलेली गंधकाची धुरी रासायनिक, कारण जळताना गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो.

चुन्याचे चक्र

सगळ्या उजळणीत एकच गोष्ट करायला वेळ असेल तर चुन्याची करावी. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, हे अपघटन. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो सळसळतो, भांड्याला हात लावता येत नाही इतका तापतो आणि विरलेला चुना होतो. हा संयोग, आणि उष्णता बाहेर टाकणारा. त्यात भरपूर पाणी घालून रात्रभर ठेवले की वरचे नितळ पाणी म्हणजे निवळी. तिच्यात नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, कारण उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिच्याशी मिळून पुन्हा न विरघळणारे कॅल्शिअम कार्बोनेट, म्हणजे मूळची चुनखडीच, तयार करतो. कार्बन डायऑक्साइड तसाच सोडत राहिले तर दुधाळपणा जातो, कारण आता विरघळणारे बायकार्बोनेट होते. हा शेवटचा टप्पा पेपरात विचारतात आणि अनेकांचा सुटतो.

आता वजने. १०० ग्रॅम चुनखडी भाजली की ५६ ग्रॅम कळीचा चुना आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. ५६ ग्रॅम चुन्याला १८ ग्रॅम पाणी लागले की ७४ ग्रॅम विरलेला चुना. ७४ ग्रॅम चुन्याने ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेतला की पुन्हा १०० ग्रॅम चुनखडी आणि १८ ग्रॅम पाणी. कुठेही ग्रॅमभर हरवत नाही. द्रव्य अक्षय्यतेच्या नियमाची व्याख्या घोकण्यापेक्षा ही बेरीज तीनदा करणे अधिक उपयोगाचे.

मुलांना हे करायला सांगताना एक जपावे: कळीचा चुना विरवताना उडतो आणि डोळ्यांत गेल्यास इजा होते. ते मोठ्या माणसाने करावे. निवळीत फुंकर मारताना नळीने पाणी वर ओढायचे नाही. सौम्य करायचे असेल तेव्हा आम्ल पाण्यात ओततात, पाणी आम्लात नाही.

अणू

इलेक्ट्रॉन संरूपणाला, म्हणजे अणूच्या कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन ते मांडायला, फार वेळ लागत नाही, कारण नियम थोडे आहेत. के, एल, एम, एन या कवचांची धारकता अनुक्रमे २, ८, १८, ३२. सोडिअम २, ८, १. क्लोरिन २, ८, ७. एक देतो, दुसरा घेतो, मीठ होते. खरा सापळा पोटॅशिअमचा आहे. त्याचे १९ इलेक्ट्रॉन मांडताना एम कवचात १८ मावतात म्हणून मुले २, ८, ९ लिहितात. बरोबर उत्तर २, ८, ८, १, कारण बाहेरचे कवच आठवर थांबते आणि पुढचा इलेक्ट्रॉन नव्या कवचात जातो. कॅल्शिअम त्याच न्यायाने २, ८, ८, २, म्हणून त्याची संयुजा, म्हणजे संयोग होताना देण्याघेण्याच्या इलेक्ट्रॉनांची संख्या, दोन.

व्याख्या पाठ करून घेण्याच्या बाजूने ही नोंद नाही, पण पहिली २० मूलद्रव्ये अणुअंकासह पाठच हवीत, बेच्या पाढ्यासारखी. हायड्रोजन एक, हेलिअम दोन, लिथिअम तीन असे चालीवर म्हणत गेले की आठवडाभरात बसतात, आणि विसावे येते ते चुन्यातले कॅल्शिअम.