निवासी शाळांच्या साक्षी: एक दफ्तर ऐकण्यासाठी, एक नष्ट होण्यासाठी

कॅनडातल्या निवासी शाळांविषयी वाचताना कुठे दिसतं, पीडितांच्या साक्षी जपून ठेवल्यात. कुठे दिसतं, त्या नष्ट होणार आहेत. दोन्ही खरं आहे. कारण साक्षींच्या नोंदींची दफ्तरंच दोन आहेत.

सरकारचा पैसा आणि चर्चचा कारभार अशा या शाळांत सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवलं गेलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा, हे सगळं तिथं घडलं. २००६ साली पीडित, सरकार आणि चर्च यांच्यात समझोता झाला आणि त्यातून बोलण्याच्या दोन वाटा निघाल्या.

एक सत्य आणि सलोखा आयोगाची. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर त्याचे अध्यक्ष होते. साडेसहा हजारांहून जास्त लोक आयोगापुढे बोलले, काही भरसभेत, काही एकांतात. देशानं ऐकावं म्हणूनच ते बोलले. ही निवेदनं आज विनिपेगला, मॅनिटोबा विद्यापीठातल्या सत्य आणि सलोखा राष्ट्रीय केंद्रात आहेत. तीही सरसकट खुली नाहीत. देणाऱ्यानं जेवढी परवानगी दिली तेवढीच.

दुसरी वाट भरपाईच्या दाव्यांची. अडतीस हजारांहून जास्त दावे आले. बंद दारामागे निवाडा करणाऱ्यासमोर प्रत्येक अत्याचार तपशिलानं सांगायचा, मग त्याला ठरलेल्या तक्त्यानुसार गुण आणि गुणांवरून रक्कम. बायकोला, मुलांनाही कधी न सांगितलेलं अनेकांनी तिथं सांगितलं. त्यात इतरांची नावंही आली, अत्याचार करणाऱ्यांची आणि सोबतच्या मुलांचीही. हे बाहेर जाणार नाही, असा शब्द त्यांना दिला होता.

पुढे या दाव्यांच्या कागदांवरून वाद झाला. सरकार म्हणालं, हे सरकारी दस्तऐवज आहेत. इतिहास पुसला जाईल, अशी आयोगाला भीती होती. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं: दावेदारानं स्वतः सांगितलं तरच कागद राहतील, नाहीतर नष्ट होतील. मुदत १९ सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे. तोवर दावेदार आपली प्रत मागू शकतो किंवा विनिपेगच्या केंद्राकडे देऊ शकतो.

मला हा निकाल पटतो. ज्या अटीवर माणूस बोलला ती त्याच्या पश्चात बदलणं म्हणजे त्याला पुन्हा एकदा फसवणं. पण एक सल राहतेच. निवड करण्याची संधी मिळण्याआधीच जे गेले, त्यांचं काय? न्यायालयानं हा प्रश्न टाळला नाही. त्यांच्यापैकी काहींना कागद राहावेत असं वाटलं असतं, हे मान्य केलं. तरी बहुतेकांना जे कधीच उघड व्हायला नको होतं ते उघड करणं हा त्याहून मोठा अन्याय ठरेल, असं म्हटलं.

म्हणून एखादी नात आजीचा आवाज शोधत विनिपेगला गेली, तर तो मिळेलच असं नाही. आजी आयोगापुढे बोलली असेल आणि तिनं परवानगी दिली असेल, तर मिळेल. ती फक्त दाव्याच्या सुनावणीत बोलली असेल आणि काही न कळवता गेली असेल, तर ते कागद नातीच्या हाती येणार नाहीत.