अमिगुरुमी : क्रोशाचा भरीव ससा

अमिगुरुमी म्हणजे क्रोशाने पोकळ विणून आत कापूस भरलेले लहान खेळणे. हा प्रकार जपानी आहे. मोठे डोके, आखूड हातपाय आणि एकमेकांपासून लांब, जरा खाली बसवलेले डोळे ही त्याची ओळख जपानमधील ‘कवाई’ म्हणजे गोंडसपणाच्या आवडीतून आली. इंटरनेटवरून नमुन्यांची देवाणघेवाण वाढली तशी ही खेळणी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जगभर पोहोचली. विणकाम करणाऱ्यांचे ‘रॅव्हलरी’ हे संकेतस्थळ २००७ मध्ये सुरू झाले आणि या प्रसाराला मोठा हातभार लागला.

मराठी घरांत क्रोशे नवे नाही. दाराचे तोरण, ताटावरचा रुमाल, बाळाची टोपी हे सगळे या एकाच सुईचे काम. मात्र रुमालात जाळी हवी असते आणि खेळण्यात एकही भोक चालत नाही. म्हणून रुमाल विणणाऱ्या सरावलेल्या हातांनाही येथे काही सवयी बदलाव्या लागतात. उलट ज्याने सुई कधी धरलेली नाही त्याला शिकायला फार थोडे असते : साखळी (सुईवरच्या लूपमधून, म्हणजे दोऱ्याच्या फासातून, दोरा ओढून काढलेला टाका), मुका खांब, टाका वाढवणे आणि टाका कमी करणे. आकार सगळा मोजणीतून येतो. कोणत्या फेरीत किती टाके वाढवले आणि कोणत्या फेरीत किती कमी केले, एवढ्यावर डोके गोल होते की लांबट, हे ठरते.

साहित्य : पहिल्या खेळण्यासाठी मध्यम जाडीची, डबल निटिंग प्रकारची लोकर घ्यावी. ५० ग्रॅमचा एक गुंडा लहान सशाला पुरून उरतो. रंग फिकट हवा, कारण काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि मोजता येत नाहीत. मखमली लोकर दुकानात मोहात पाडते, पण तिच्या लवेत टाका बोटांनी चाचपून शोधावा लागतो. ती नंतरसाठी ठेवावी. ॲक्रिलिक लोकर स्वस्त असते व थोडी ताणली जाते. सुती किंवा मिल्क कॉटन (सूतमिश्रित) दोऱ्याने टाके अधिक रेखीव दिसतात, पण तो ताणत नसल्याने बोटे लवकर दुखतात.

सुई २.५ ते ३ मिलिमीटरची घ्यावी. याच लोकरीच्या वेष्टनावर बहुधा ४ मिलिमीटरची सुई सुचवलेली असते. ती सूचना स्वेटर-शालीसाठी असते, कारण तेथे कापड मऊ आणि सैल पडायला हवे. खेळण्याची वीण घट्ट नसेल तर आतला पांढरा कापूस बाहेर डोकावतो. घरातली रुमालाची जुनी पोलादी सुई मात्र लोकरीला फारच बारीक पडते आणि दोरा फाटत राहतो. याशिवाय बोथट टोकाची लोकरीची सुई, कात्री, काही टाचण्या, फेरीची खूण करायला वेगळ्या रंगाचा दोरा किंवा सेफ्टी पिन आणि भरायला उशांत वापरतात तो पॉलिएस्टरचा कापूस (रेक्रॉन) लागतो. गादीचा साधा कापूस भरू नये. धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि तो लवकर वाळत नाही.

मुका खांब : टाक्याच्या वरच्या दोन्ही दोऱ्यांखालून सुई घालावी, दोरा ओढून बाहेर आणावा, म्हणजे सुईवर दोन लूप होतात. पुन्हा दोरा घेऊन तो दोन्हींतून एकदम काढावा. अमेरिकी नमुन्यांत यालाच सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश नमुन्यांत डबल क्रोशे. हा फरक लक्षात न घेता ब्रिटिश नमुना अमेरिकी अर्थाने विणला तर प्रत्येक टाका उंच खांब होतो, वीण भोकाभोकांची पडते आणि खेळणे लांबुडके होते. जपानी नमुने बहुतेक आकृतीच्या रूपात असतात. त्यात मुक्या खांबाला फुलीचे चिन्ह असते, त्यामुळे जपानी वाचता आले नाही तरी विणता येते.

सुरुवात मॅजिक रिंगने होते. दोऱ्याचे १५ सेंटिमीटर टोक सोडून बोटाभोवती कडे करायचे, त्या कड्यात ६ मुके खांब घालायचे आणि टोक ओढून कडे मिटवायचे. हे पहिल्यांदा हातात बसत नाही. तोपर्यंत २ साखळ्या घालून सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत ६ मुके खांब घालावेत. मध्ये किंचित भोक राहते, तेवढेच. मॅजिक रिंगचे टोक आखूड कापले तर पुढे खेळताना कडे सैल होऊन मध्यभाग उघडतो. म्हणून ते टोक कड्याभोवती एका दिशेने, मग उलट दिशेने ओवून मगच कापावे.

प्रत्येक फेरीत ६ टाके का वाढवायचे, हे समजले की नमुना पाठ करावा लागत नाही. सपाट वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढली की परीघ त्या उंचीच्या सुमारे ६.२८ पट वाढतो. मुका खांब जवळजवळ चौकोनी, म्हणजे जितका उंच तितकाच रुंद असतो. म्हणून परीघ भरून काढायला दर फेरीला साधारण ६ टाके लागतात. खांब याच्या सुमारे दुप्पट उंच असल्याने गोल रुमालात १२ वाढवतात. वाढ कमी पडली तर कड आत वळून वाटी होते. वाढ जास्त झाली तर कडेला चुण्या पडतात. कॉर्नेल विद्यापीठातील गणिती डायना तायमिना यांनी १९९७ मध्ये याच जास्तीच्या वाढीचा उपयोग करून ‘हायपरबोलिक’ पृष्ठाचे, म्हणजे कडेकडे चुण्या वाढत जाणाऱ्या पृष्ठाचे नमुने क्रोशाने विणले होते.

डोके आणि धड : नवशिक्यांनी डोके व धड सलग विणावे. वेगळे डोके शिवून बसवताना ते हमखास डुगडुगते. पहिली फेरी ६ टाक्यांची. दुसरीत प्रत्येक टाक्यात दोन मुके खांब, एकूण १२. तिसरीत एक साधा आणि पुढच्यात दोन, असे सहा वेळा : १८. चौथीत दोन साधे व एक वाढ : २४. पाचवीत तीन साधे व एक वाढ : ३०. सहावीत चार साधे व एक वाढ : ३६. वाढ दर वेळी एकाच्या डोक्यावर एक आली तर गोल न होता षटकोन होतो. ते टाळायला एकाआड एक फेरीत साधे टाके वाढीच्या दोन्ही बाजूंना वाटावेत. उदाहरणार्थ, सहाव्या फेरीत दोन साधे, एक वाढ, दोन साधे.

फेऱ्या जोडायच्या नाहीत, चक्राकार पुढे जात राहायचे. म्हणजे सांधा दिसत नाही. पण फेरी कोठे संपली हेही त्यामुळे दिसत नाही. म्हणून प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात पिन अडकवायची आणि फेरी संपली की टाके मोजायचे. ३६ ऐवजी ३५ भरले तर त्याच फेरीत उसवून दुरुस्त करणे दोन मिनिटांचे काम आहे. चार फेऱ्यांनंतर तीच चूक सशाचा गाल एका बाजूला बसवते.

तिसऱ्या-चौथ्या फेरीला वाटी तयार होऊ लागते. तेव्हा सुलट बाजू बाहेर आहे ना, हे पाहावे. सुलट बाजूला टाके इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे दिसतात, उलट बाजूला आडव्या रेषा. उजव्या हाताने विणणाऱ्याची सुई बाहेरून आत जायला हवी. पुष्कळ नवशिके नकळत वाटीच्या आतून, पलीकडच्या कडेवर विणत राहतात. तसे झाले तर तुकडा तेथेच उलटवून घ्यावा.

सातवी ते बारावी फेरी ३६ टाके जसेच्या तसे. त्यानंतर घट : तेरावीत चार साधे आणि दोन टाक्यांचा एक, असे सहा वेळा, ३०, चौदावीत २४, पंधरावीत १८. घट करताना सुई पुढच्या दोन टाक्यांच्या फक्त पुढच्या दोऱ्यांतून घालावी, दोरा घेऊन त्या दोन लूपमधून काढावा, मग उरलेल्या दोन लूपमधून काढून टाका पुरा करावा. दोन्ही दोऱ्यांतून साधी घट केली तर तेथे गाठ आणि शेजारी भोक दिसते.

डोळे पंधराव्या फेरीआधीच बसवावेत, कारण पुढे हात आत जात नाही. ६ ते ८ मिलिमीटरचे सेफ्टी डोळे (आतून चकती दाबून पक्के करायचे प्लॅस्टिकचे तयार डोळे) दहाव्या व अकराव्या फेरीच्या मध्ये, ६ टाक्यांचे अंतर ठेवून घालतात. मागची चकती दाबली की पुन्हा निघत नाही. आधी नुसते खोचून लांबून पाहावे. डोळे डोक्याच्या मध्यरेषेच्या खाली आले की चेहरा बाळाचा दिसतो, वर गेले की प्रौढ. नाक गुलाबी दोऱ्याने डोळ्यांच्या मधोमध, एक फेरी खाली भरतात.

डोके भरून सोळावी फेरी १८ टाक्यांवर विणली की मान होते. मानेत कापूस दाबून भरणे महत्त्वाचे. डोके पुढे पडण्याचे कारण बहुतेक वेळा हीच रिकामी मान असते. सतरावीत २४, अठरावीत ३०, एकोणीस ते चोवीस या सहा फेऱ्या ३० वर, मग २४, १८, १२ आणि ६. १८ टाक्यांवर आले की धड भरायचे. शेवटी दोरा कापून सहाही टाक्यांच्या पुढच्या दोऱ्यांतून ओवून ओढला की भोक मिटते. कानांशिवाय ससा सुमारे १० सेंटिमीटरचा होतो.

कापूस मोठ्या गोळ्यांनी कोंबू नये. लहान पुंजके पिंजून आधी कडेला, मग मध्ये भरावेत. कमी भरला तर काही दिवसांत गाल बसतात, जास्त भरला तर टाके फाकतात. दाबल्यावर आकार परत यावा आणि टाक्यांमधून पांढरे दिसू नये, एवढे भरणे योग्य.

कान, हात, पाय : कानासाठी ६, ९, १२ टाके, मग आठ फेऱ्या १२ वर, एक फेरी ९ वर घट आणि एक साधी. यात कापूस भरत नाहीत. चपटा करून तळाशी दुमडून शिवतात. हातासाठी ६, ९ आणि मग सहा फेऱ्या ९ वर. पायासाठी ६, १२, तीन फेऱ्या १२ वर, मग ९ आणि तीन फेऱ्या ९ वर. हातापायांच्या फक्त टोकाला कापूस भरावा. वरपर्यंत भरले तर ते धडापासून आडवे उभे राहतात. शेपटी ६, १२, १२, ६. प्रत्येक तुकड्याला शिवायला ३० सेंटिमीटर दोरा सोडावा.

शिवण्याआधी सगळे तुकडे टाचण्यांनी लावून ससा बसवून पाहावा. येथे एक अडचण हमखास येते : चक्राकार वीण सरळ वर चढत नाही. उजव्या हाताने विणलेला प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या किंचित उजवीकडे बसतो, त्यामुळे डोक्यावरची मधली रेघ पायांपर्यंत येताना सरकलेली असते. म्हणून हातांच्या जागा टाके मोजून नव्हे, चेहऱ्याकडे पाहून ठरवाव्यात. हा कल कमी करण्यासाठी काही जण दोरा सुईच्या वरून न घेता खालून घेतात. त्याने टाका फुलीसारखा दिसतो, वीण घट्ट होते आणि खेळणेही थोडे लहान निघते.

तीन वर्षांखालील मुलाला द्यायचे असेल तर सेफ्टी डोळे, मणी, बटणे यांपैकी काहीही लावू नये. डोळे दोऱ्याने भरावेत. नाव ‘सेफ्टी’ असले तरी विणलेले टाके ताणले गेले की डोळा चकतीसकट ओढून निघू शकतो आणि मुलाच्या घशात अडकू शकतो.

धुताना कोमट पाण्यात सौम्य साबणाने हातानेच धुवावे, पिळू नये, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवावे. ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवू नये. पावसाळ्यात धुणे टाळलेले बरे. वरून कोरडे वाटले तरी आतला कापूस ओला राहतो आणि कुबट वास धरतो.

विकण्यासाठी बनवणाऱ्यांना नियम लागू आहेत. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला आणि १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह आवश्यक झाले. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे.