लिंक दिली नाही म्हणून सबडोमेन लपत नाही

‘टेस्ट सर्व्हरची लिंक कुठेच दिलेली नाही, मग तो सापडणार कुणाला?’ हा समज आयटीत वर्षानुवर्षं चालत आलाय. साफ चुकीचा. लेट्स एन्क्रिप्टसारख्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र घेतलं, की सबडोमेनचं, म्हणजे मुख्य डोमेनखालच्या अशा पत्त्याचं, नाव सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी या प्रमाणपत्रांच्या जाहीर नोंदीत जातं. एप्रिल २०१८ नंतरच्या प्रमाणपत्रांसाठी क्रोमने ही नोंद सक्तीचीच केली. ‘सीआरटी डॉट एसएच’ या नोंदी शोधायच्या वेबसाइटवर कंपनीचं डोमेन टाका, ‘टेस्ट’, ‘व्हीपीएन’, ‘ओल्ड-पेरोल’ अशी नावं रांगेने समोर येतात. पेनटेस्टरने (परवानगीने सुरक्षा तपासणाऱ्याने) तुमच्या सर्व्हरला हातही लावलेला नसतो, त्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) ओळसुद्धा उमटत नाही. (फायरवॉलवाले आपले निवांत!) सगळ्या सबडोमेनना एकच चालणाऱ्या वाइल्डकार्ड प्रमाणपत्रात सबडोमेनच्या नावाऐवजी नुसतं ताराचिन्ह दिसतं खरं, पण ते नाव पॅसिव्ह डीएनएसच्या, म्हणजे पूर्वी शोधल्या गेलेल्या डोमेन-नावांच्या, संग्रहात सापडू शकतं. टेस्ट सर्व्हरलाही लॉगिन हवंच.