सिमेंट दळण व मिश्रण

सिमेंट दळण व मिश्रण : भट्टीतून निघालेले क्लिंकर (चुनखडी व माती भाजून बनलेले खडे) जिप्सम व पूरक द्रव्यांसह दळून सिमेंट तयार करण्याची अखेरची प्रक्रिया. सुमारे १४५० अंश सेल्सियसला भाजलेल्या क्लिंकरच्या खड्यांना पाणी लागले तरी ते फारसे बधत नाहीत. बांधून धरण्याचा गुण पीठ झाल्यावरच प्रकटतो. मात्र नुसते क्लिंकर दळले, तर त्यातील ट्रायकॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट पाणी पडताच आवळते आणि गवंड्याला थापी फिरवायलाही उसंत मिळत नाही. म्हणून हे आवळणे लांबवणारे ३ ते ५ टक्के जिप्सम हे खनिज सोबत दळतात.

बॉल मिल म्हणजे आतून लाइनर (झीज सोसणारे अस्तर) बसवलेले, आडवे फिरणारे पोलादी नळकांडे. त्याचा सुमारे ३० टक्के भाग पोलादी गोळ्यांनी भरलेला असतो. पहिल्या कप्प्यातील ६० ते ९० मिमी. व्यासाचे गोळे उंचावरून पडून खडे फोडतात, दुसऱ्यातील लहान गोळे घासून पीठ करतात. मिल फार वेगाने फिरवली तर गोळे भिंतीला चिकटून गरगरत राहतात आणि दळण थांबते. एका टनामागे साधारण ३० ते ४० युनिट वीज लागते. तिचा बहुतांश भाग उष्णतेतच जातो. आतले तापमान १२० अंशांच्या वर गेले, की जिप्सममधले पाणी उडून त्याचे प्लास्टर ऑफ पॅरिस होऊ लागते. असे सिमेंट कालवल्यावर लगेच घट्ट होते, पण पाणी न घालता पुन्हा कालवले की सैल पडते. हा ‘खोटा आवळ’ टाळण्यासाठी मिलमध्ये पाण्याचा फवारा मारतात. रोलर प्रेस व उभ्या रोलर मिलला वीज कमी लागते.

सूक्ष्मता ब्लेन पद्धतीने मोजतात. दाबून बसवलेल्या पिठाच्या थरातून हवा किती सहज जाते, यावरून कणांचे पृष्ठफळ काढले जाते. भारतीय मानकानुसार ते साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी किलोमागे किमान २२५ चौ. मी., तर फ्लाय अ‍ॅश (औष्णिक वीजकेंद्रातील बारीक राख) मिसळलेल्या पोझोलाना सिमेंटसाठी ३०० चौ. मी. हवे.

मिश्र सिमेंटमध्ये हाच आकडा फसवतो. भाजणीचे सगळे धान्य एकत्र दळले तरी थालीपीठ बिघडत नाही, इथे बिघडते. पोलाद कारखान्यातील स्लॅग (लोखंड गाळताना उरणारी मळी) क्लिंकरपेक्षा दळायला चिवट. दोन्ही एकत्र घातले, की क्लिंकर गरजेहून बारीक होते आणि स्लॅग जाडसर राहतो. ब्लेन उत्तम दिसते, पण जाड स्लॅगची क्रिया मंद असल्याने त्याचा वाटा ताकदीत पुरेसा उतरत नाही. म्हणूनच स्लॅग वेगळा दळून मग ब्लेंडरमध्ये मिसळणे अधिक शहाणपणाचे, जरी त्यासाठी जादा सायलो (साठवणीच्या उंच कोठ्या) आणि काटेकोर वजनकाटे लागत असले तरी. स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग चालतो, त्यामुळे ही चूक लहान राहत नाही. फ्लाय अ‍ॅशचे (१५ ते ३५ टक्के) तसे नाही. ती मुळातच बारीक असल्याने अनेक ठिकाणी थेट सेपरेटरमध्ये (बारीक व जाड कण वेगळे करणाऱ्या यंत्रात) सोडतात. जाड तेवढी मिलकडे परतते.

क्लिंकरची भट्टी चुनखडीपाशी हवी, दळण मात्र कुठेही होऊ शकते. महाराष्ट्रातील भट्ट्या म्हणूनच चंद्रपूर पट्ट्यात एकवटल्या आहेत, तर रायगड जिल्ह्यातील डोलवीचे ग्राइंडिंग युनिट पोलाद कारखान्याच्या शेजारी, स्लॅगपाशी उभे आहे. क्लिंकर दमटपणा सिमेंटपेक्षा बरा सोसते. त्यामुळे ते दूरवरून आणून बाजारपेठेजवळ दळणे परवडते.