फोन येतो म्हणजे नेमकं काय येतं?

“घरातला एखादा स्मार्टफोन घेऊन येशील का?” २०२३ साली ‘असर’ सर्वेक्षणाचे स्वयंसेवक ग्रामीण भागात घरोघर जाऊन १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना असं विचारत होते. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून चालत आलेलं हे सर्वेक्षण आपल्याला ठाऊक असतं ते दुसरीच्या उताऱ्यामुळे आणि भागाकाराच्या गणितामुळे. त्या वर्षी मात्र २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत ३४,७४५ मुलामुलींपर्यंत जाऊन त्यांनी फोनवरची कामंही करून घेतली. अमुक वाजताचा गजर लाव. या प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवर शोध. इथून तिथे जायला किती वेळ लागेल ते नकाशात बघून सांग. यूट्यूबवर हा व्हिडिओ काढ आणि कुणाला तरी पाठव.

फोन वापरता येतो का, असं नुसतं विचारलं तेव्हा नव्वद टक्क्यांच्या आसपास मुलं ‘हो’ म्हणाली होती. काम करायला सांगितल्यावर हा एकच ‘हो’ चार ठिकाणी चार प्रकारे फुटला. व्हिडिओ शोधणं जवळपास ८० टक्के मुलांना जमलं, आणि त्यांतल्या बहुतेकांना तो पुढे पाठवताही आला. प्रश्नाचं उत्तर सुमारे ७० टक्क्यांना सापडलं. गजर दोन तृतीयांश मुलांना लावता आला. नकाशावरून वेळ काढणं जमलं ते एक तृतीयांशाहून थोड्याच अधिक मुलांना.

मला ही चाचणी फार मोलाची वाटते. ती अगदी छोटी आहे, पण ‘येतं का?’ असं विचारून ती थांबत नाही. स्वतःच्या कौशल्याला स्वतःच गुण देताना माणूस काय करतो? रोज जे करतो तेवढंच आठवतो आणि शेजारच्याशी तुलना करतो. जे काम कधी वाट्यालाच आलं नाही, ते आपल्याला येत नाही हे त्याला कळायला मार्गच नसतो. माझी भाची रील कापते, गाणं बसवते, अक्षरं नाचवते. अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना दाखल्याची फाइल ठरलेल्या आकारात बसवायची वेळ आली आणि ती थबकली. “मावशी, केबी म्हणजे किती?” दहा मिनिटांत शिकली, हेही सांगायला हवं. तिच्या हुशारीत काही कमी नव्हतं, कुणी तिला ते काम आजवर दिलं नव्हतं एवढंच.

‘जन्मापासून पडद्याभोवती वाढलेली पिढी आपोआप डिजिटल होते’ ही समजूत २००१ पासून जोरात आहे. अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी त्या वर्षी ‘डिजिटल नेटिव्ह’ हा शब्द रूढ केला. ती समजूत तपासायची तर मोजमाप लागतं. ‘आयईए’ ही आंतरराष्ट्रीय संस्था २०१३ पासून दर पाच वर्षांनी आठवीच्या मुलांची संगणक आणि माहिती साक्षरता तपासते. भारत यात अजून उतरलेला नाही. या चाचणीत मुलांसमोर खऱ्यासारखंच चालणारं, पण चाचणीपुरतं बनवलेलं संगणकाचं जग ठेवतात. त्यात ईमेल असतात, वेबपानं असतात, चित्रं असतात. मुलं आधी लहान लहान कामं करतात आणि शेवटी सगळं जोडून एक मोठं काम करतात, म्हणजे एखादं भित्तिपत्रक किंवा सादरीकरण. ते कुणासाठी आहे, हे लक्षात ठेवून केलं का, यालाही गुण असतात.

यामागची कल्पना सुंदर आहे. किती मुलांना एखादं काम जमलं यावरून त्या कामाची अवघडता ठरते, आणि मुलांची क्षमता व कामाची अवघडता एकाच मोजपट्टीवर मांडली जाते. मग त्या पट्टीला पायऱ्या पडतात. खालच्या पायरीवर लिंक नव्या टॅबमध्ये उघडणं किंवा चित्र कातरणं. वरच्या, म्हणजे चौथ्या पायरीवर, मिळालेली माहिती कितपत विश्वासाची आणि हाताशी असलेल्या कामाला किती उपयोगी, हे पारखणं. २०१८ साली चौथ्या पायरीवर पोहोचली फक्त २ टक्के मुलं. २०२३ मध्ये सहभागी देशांतली सरासरी ४३ टक्के मुलं दुसऱ्या पायरीच्याही खाली राहिली. आणि हे बहुतेक सुस्थितीतले देश आहेत.

म्हणजे बोटं सराईत असणं आणि पारख असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरटीओत दुचाकीच्या परवान्यासाठी आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. पाय न टेकता तो काढता आला म्हणजे तोल आणि हँडल हातात आहे, इतकं नक्की कळतं. पावसात, घाटातल्या वळणावर, समोरून एसटी येत असताना हा माणूस काय करेल, हे त्या आठात दिसत नाही. चाचणी जे मोजते म्हणते तेच खरोखर मोजते का, याला शिक्षणशास्त्रात चाचणीची वैधता म्हणतात. ‘कॉपी करण्यासाठी कोणती कळ दाबाल?’ या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्याची डिजिटल समज किती, हा वैधतेचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीने अक्षरशः लाखो लोकांची संगणकाची भीती घालवली, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. त्या काळी अडसर यंत्राचा होता. आज तो यंत्रातून येणाऱ्या मजकुराचा आहे, आणि आपल्या शाळांतल्या बऱ्याच प्रश्नपत्रिका अजून यंत्राबद्दलच विचारतात.

पारख म्हणजे काय, ती मोजायची कशी, यावरचं मला सर्वांत आवडलेलं काम स्टॅनफर्ड विद्यापीठातलं आहे. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना संगणकासमोर बसवलं. १० इतिहासाचे पीएच.डी., १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ स्टॅनफर्डचेच विद्यार्थी. एका कामात दोन संस्थांची संकेतस्थळं दाखवली. एक अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची १९३० पासूनची मोठी, मान्यवर संघटना. दुसरी नाव जवळपास तसंच असलेली, पण २००२ मध्ये वेगळ्या झालेल्या मूठभर लोकांची. यांतलं जास्त विश्वासाचं कोणतं?

दहाच्या दहा तथ्यतपासनिसांनी बरोबर ओळखलं. विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य चुकले आणि इतिहासकारांतलेही बरेच जण गडबडले. फरक बुद्धीत नव्हता, वाचायच्या रीतीत होता. विद्यार्थी आणि इतिहासकार ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत होते. बोधचिन्ह कसं आहे, भाषा शास्त्रीय आहे का, खाली संदर्भ आहेत का, ‘आमच्याविषयी’ मध्ये काय लिहिलंय. तथ्यतपासनीस मात्र पान नीट वाचायच्या आधीच तिथून बाहेर पडत, नवे टॅब उघडत आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहत. याला आडवं वाचन म्हणता येईल. नवरामुलगा कसा आहे हे त्याच्या बायोडेटात शोधायचं नसतं, त्याच्या गावात चौकशी करायची असते. आपल्याकडच्या जुन्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. शाळा मात्र ‘लक्ष देऊन वाचा’ हेच शिकवत आली आहे, आणि अनोळखी संकेतस्थळावर नेमकी तीच सवय घात करते.

याच गटाने पुढे अमेरिकेतल्या ३,४४६ शाळकरी विद्यार्थ्यांना एक धूसर व्हिडिओ दाखवला. कुणीतरी मतपेट्यांत मतपत्रिका कोंबतंय. अमेरिकेतल्या निवडणुकीत घोटाळा झाल्याचा हा भक्कम पुरावा आहे का? ५२ टक्के विद्यार्थी ‘हो’ म्हणाले. व्हिडिओ रशियातला होता. इंटरनेट हाताशी होतं, शोधायची मुभा होती, तरी मूळ शोधून काढलं फक्त तिघांनी.

आता शिकवण्याकडे येऊ, कारण इथे बातमी चांगली आहे. नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गांत नेहमीच्याच शिक्षकांनी आडव्या वाचनाच्या प्रत्येकी ५० मिनिटांच्या सहा तासिका घेतल्या. हा पाठ न मिळालेल्या वर्गांच्या तुलनेत ही मुलं स्रोत पारखण्यात स्पष्टपणे पुढे गेली. सहा तासिका! त्याला संगणककक्षही लागत नाही. वर्गात एक फोन आणि भिंतीवर पडदा असला, तर बाई एखादा फॉरवर्ड उघडून “हे कोण म्हणतंय? दुसरं कोणी म्हणतंय का?” असं मोठ्याने विचार करत शोधून दाखवू शकतात. शिक्षकाचं शोधताना चुकणं, माघारी फिरणं मुलांना दिसलं, तर तोही पाठच.

मूल्यमापनासाठी तर आपल्याकडे जुनं, उत्तम साधन पडून आहे, ते म्हणजे तोंडी परीक्षा. तयार प्रकल्पावरून आता फार काही कळत नाही. पूर्वी तो सायबर कॅफेतून छापून यायचा, आता चॅटबॉट लिहून देतो. पण “कुठे कुठे शोधलंस? यातलं काय टाकून दिलंस, आणि का?” हे पाच मिनिटं विचारलं की काम कुणी केलं आणि किती समजून केलं, ते उघड होतं. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात आपण निरीक्षणाची वही तपासतो. शोधाचीही अशी वही का असू नये?

‘असर’च्या आकड्यांमध्ये आणखी एक गोष्ट होती. ज्यांचं वाचन पक्कं, त्यांना फोनवरची कामंही अधिक जमली. चारांतल्या एका मुलाला आपल्या भाषेतला दुसरीचा उतारा अडखळल्याशिवाय वाचता येत नव्हता. डिजिटल कौशल्याचा पाया अजून मराठीच्या तासाला भरला जातो.

आणि आता सुरुवातीच्या त्या प्रश्नाकडे, फोन घेऊन येशील का? दोन तृतीयांश मुलामुलींनाच तो आणता आला. वरच्या टक्केवाऱ्या फक्त त्यांच्या आहेत. नकाशा वाचू शकणारे एक तृतीयांशाहून थोडे अधिक, तेही या दोन तृतीयांशातले. छेदात सगळ्यांना घेतलं तर दर चारांत जेमतेम एकाने ते काम करून दाखवलं. फोन आणू शकणाऱ्यांत मुलगे अधिक होते, मुली कमी. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्के जणांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्के जणींकडे. ज्या मुलीच्या घरचा फोन भावाच्या खिशात शेतावर किंवा बाजारात गेला होता, तिला गजर लावता येतो का, नकाशा कळतो का, हे त्या दिवशी कुणालाच विचारता आलं नाही.